वडकीच्या अलीकडे

आळंदी ते पुणे हा रस्ता आता सलग आठवत नाही. पाऊस, चिखलात रुतलेली चप्पल, शेजारच्या आजोबांच्या ओल्या घोंगडीचा वास, एवढंच उरलंय. पुण्यात दोन मुक्काम. माऊलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दोन्हीकडे दर्शन झालं. एकादशीला पहाटे निघालो. सासवडपर्यंत तीसेक किलोमीटर.

हडपसरला तुकोबांची पालखी लोणीकडे वळली आणि तिथूनच माझी उजवी टाच चुरचुरायला लागली. वडकी नाल्याच्या अलीकडे पाऊलच टाकवेना. पाण्याच्या टँकरपाशी एक जण सहा बाटल्या भरत बसला होता, मागे बायका ताटकळलेल्या. मी त्याच्यावर ओरडले. "माऊली" म्हणतच ओरडले, पण आवाजात माऊली नव्हती. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

बाभळीखाली बसून मोजा काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, पाण्यानं टच्च भरलेला.

मी वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवते. सगळ्या माणसांत आत्मा एकच, तर माझा फोड फक्त मलाच का दुखतो, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतोच. शांकर अद्वैताचं उत्तर मी सांगते : सुखदुःख अंतःकरणाचं, अंतःकरणं निराळी, आत्मा नुसता साक्षी. मग स्पेनमधल्या कॉर्डोव्याचा मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द येतो. बाराव्या शतकातला. तो आत्म्याबद्दल नाही, बुद्धीबद्दल बोलतो : विचार ग्रहण करणारी बुद्धी साऱ्या मानवजातीत मिळून एकच. १२७० मध्ये ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसनं त्याचं खंडन केलं. बुद्धी एकच असेल, तर 'हा माणूस विचार करतोय' असं कशाच्या आधारावर म्हणायचं? हा आक्षेप मला फार मोठा वाटतो, आजही. पण त्या बाभळीखाली या सगळ्यातलं काहीही उपयोगी पडत नव्हतं. चिडचिड होत होती, रडू येत होतं.

"माय, पाय दाव इकडं."

साठीच्या मावशी, डोक्यावर तुळस. त्यांनी तुळस अलगद खाली ठेवली, माझा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागले, वयानं मोठ्या त्या. त्यांनी घोटा घट्ट धरला. कनवटीच्या पिशवीतून सुई निघाली, पांढरा दोरा ओवलेला. काडी ओढून सुईचं टोक धगीवर धरलं. मग फोडाच्या एका कडेनं आत, दुसऱ्या कडेनं बाहेर. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "वढू नगंस. पानी आपसूक झिरपतंय."

सुई टोचताना मला काही जाणवलंच नाही, फोडाची कातडी मेलेलीच असते. पण त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं. ओठ दातांखाली, डोळे बारीक झालेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिले.

'तुका म्हणे एका देहाचे अवयव' हा चरण मी वर्गात कितीदा म्हटलाय. अद्वैताची उपमा म्हणून सांगायचे आणि पुढे जायचे. पण तुकोबांचं म्हणणं साक्षीवर थांबत नाही. 'सुख दुःख जीव भोग पावे' असं ते पुढे म्हणतायत : दुखणं कुठल्याही अवयवाचं असो, भोगतो तो एकच जीव. माझं दुखणं त्या बाईंच्या तोंडावर मी पाहिलं, आणि गेली वीस वर्षं मी हा चरण अर्धाच शिकवला हे कळलं.

मी पाया पडले, त्या माझ्या पाया पडल्या. राजगिऱ्याचा लाडू अर्धा माझ्या हातावर ठेवला. "परभणीकडच्या का?" विचारलं, तर "तिकडचीच" म्हणाल्या आणि तुळस डोक्यावर घेतली.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या. ऊन उतरलेलं, टाळांचा आवाज दरीतून परत येत होता. तिसऱ्या वळणावर त्या पुन्हा दिसल्या. अनवाणी होत्या. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, एकीतून रक्त आलेलं. सुई-दोरा स्वतःसाठीच बाळगत असाव्यात.

"दुखतंय का गं अजून?" त्यांनी विचारलं.

"थोडं."

"मला बी," म्हणाल्या, आणि दिंडीच्या ओळीत पुढे सरकल्या.