बॉल आला आणि मी खाली बघितलं

परवा बास्केटबॉल खेळलो तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय, मी पास का दिला.

दहा-दहा झालेलं, पुढचा पॉइंट मारेल तो जिंकला, आणि मी कोपऱ्यात एकटा, समोर हात वर करायलाही कोणी नाही. बॉल आला तर मी बारक्याला दिला. त्याचा ब्लॉक झाला. संपलं. वर तोच म्हणतो, "काका, तुम्हीच मारायचा ना." काका म्हणाला त्याचं काही नाही, ती आता सवय झालीये. पण माझी बाटली उचलून आणून दिली हो त्याने! गंगापूर रोडवरनं घरी येईपर्यंत तेच. नवीन बूट घेतले त्याचे पैसे पण... जाऊदे.

रात्री गुडघा शेकत बसलो आणि मायामीच्या रे ॲलनचा तो शॉट परत लावला. अमेरिकेतल्या एनबीए लीगची २०१३ ची फायनल, सात मॅचमधली सहावी. तेव्हा इथे सकाळ होती, मी सातपूरला निघालेलो, एक बूट पायात एक हातात, तसाच टीव्हीसमोर उभा. मायामी तीनने मागे, सॅन अँटोनिओ चॅम्पियन होणार म्हणून कोर्टाभोवती पिवळा दोर धरायला माणसं पण आलेली. मायामीच्या लेब्रॉनचा हुकला, त्यांच्याच बॉशने तो उडालेला बॉल पकडून ॲलनला दिला, आणि हा ३७ वर्षांचा माणूस उलट्या पावली कोपऱ्यात, लाइनच्या बाहेरून मारला, म्हणजे तीन पॉइंट. ५.२ सेकंद राहिलेले. ९५-९५. पुढे ओव्हरटाइममध्ये जिंकले.

शॉट शंभरदा बघितलाय, काल फक्त पाय बघितले. मागे जाताना एकदाही खाली बघत नाही. जमिनीवर पडायचं, उठायचं, मागे पळत जाऊन मारायचं अशी प्रॅक्टिसच करायचा म्हणे तो.

आणि मी खाली बघितलं होतं. पाय तीन पॉइंटच्या लाइनच्या बाहेर आहे का ते. तेवढ्यात समोरचा आला, मी घाबरलो, दिला पास. आमच्या कोर्टवरची लाइन पावसाने निम्मी पुसलीये, आणि मुळात एकच पॉइंट हवा होता, लाइनचा संबंधच काय!

बरं, शेवटच्या सातव्या मॅचला याच ॲलनचा स्कोअर किती? शून्य. चॅम्पियन तरी झालेच. हे वाचून फार बरं वाटलं, का ते लिहीत नाही.

आज संध्याकाळी गच्चीवर उलटा चालून बघितलं, खाली न बघता. चौथ्या पावलाला तुळशीची कुंडी. आई खालून ओरडली, "कोण आहे रे वर?"

म्हटलं, मांजर.