चौदाव्या मजल्यावरचं लाकूड

नाशिकच्या सराफ बाजाराजवळचा मावशीचा वाडा पाडला तेव्हाच ठरवलं होतं, तिचं नवं घर बघायला जायचं नाही. रुसवा नेमका कोणावर होता देव जाणे. शेवटी या मे महिन्यात गेलेच.

पाथर्डी फाट्याच्या त्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर नाव, गाव, फोटो, फोनवर आलेला आकडा, सगळं देऊन झालं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, फ्लॅटवाले फोन उचलत नाहीत." फोन आत ओट्यावर आणि मावशी बाल्कनीत. चौदाव्या मजल्यावरून मला हात करत होती! तो पुरावा चालेना. वीस मिनिटं उन्हात.

मग काय, उभ्या उभ्या इमारत वाचली. खाली तीन मजले नुसतं पार्किंग, त्यावर बाग, बागेच्या वर माणसं. पश्चिमेची अख्खी बाजू काचेची आणि प्रत्येक काचेमागे पडदा ओढलेला. उजेड हवा म्हणून काच लावायची, ऊन सोसत नाही म्हणून पडदा. बाल्कन्यांच्या मधोमध लाकडाचे उभे पट्टे. जवळ जाऊन पाहिलं तर लाकूड कसलं, अ‍ॅल्युमिनियमच्या शीटवर छापलेलं चित्र! गाठीसुद्धा छापलेल्या, आणि दर चार फुटांवर तीच गाठ. एका कोपऱ्यात शीट सुटून फडफडत होती.

वर लिफ्टपाशीही तेच. मावशीनं बोटाच्या पेरानं ठोकून दाखवलं. "पोकळ आहे बघ." वाड्याचे सागवानी खांब जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन गेला, हे सांगताना ती अजिबात हळहळली नाही. तिला लिफ्ट आवडते. ड्राय बाल्कनीत बाई भांडी घासायला बसली की मावशीला उभं राहायला जागा नाही, तरी आवडते. 2019 च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. गोदेला पूर आला की नाशिककर अजून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. मावशीही विचारते, पण आता चहा पीत.

पुढचे दोन दिवस मिसळ आणि नातेवाईक.

निघायच्या दिवशी सकाळी पांडवलेणी चढले. मावशीच्या खिडकीतून डोंगर दिसतो, पण तिचे गुडघे तयार नव्हते. एकूण चोवीस लेणी. मला अठरावं बघायचं होतं, चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. दोन हजार वर्षांपूर्वीचं. दारावर घोड्याच्या नालासारखी कमान, आणि कमानीत ओळीनं तुळयांची टोकं. दगडात तुळयांचं काम काय? लाकडी इमारत जशी बांधायचे तशीच त्यांनी डोंगरात कोरून काढली. म्हणजे नक्कलच की! सगळा रस्ताभर त्या छापील गाठींवर लिहायची वाक्यं जुळवत आले होते, ती तिथंच अडकली. इथली टोकं मात्र एकेक छिन्नीनं काढलेली, हा फरक मी सोडणार नाही.

हात आपोआप पुढे गेला, पेर वाकवून. मागून शिट्टी वाजली. "मॅडम, हात लावू नका!"

खाली उतरून मावशीला फोन केला. या वेळी तिनं लगेच उचलला.

"ठोकून बघितलंस का गं?"

"नाही लावू दिला हात."

"तिकडंही वॉचमन?"