फातर्पा ते कुंकळ्ळी, छत्र्यांच्या मागनं

गोव्याला आठ-दहा वेळा तरी गेले असेन, पण शिमग्यात पहिल्यांदाच, आणि ते पण आईला घेऊन. बीच वगैरे काही नाही, मडगावात राहायचं आणि कुंकळ्ळीच्या छत्र्या, म्हणजे देवीसोबत निघणारी छत्र्यांची मिरवणूक, बघायची एवढाच प्लॅन.

सकाळी फातर्प्याला पोचलो. देवीचं नाव शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. आई लगेच म्हणाली, अगं देऊळ फातर्प्यात आणि नाव कुंकळ्ळीचं, असं कसं? तर सगळी गोष्ट या नावातच आहे. कुंकळ्ळी ज्यात येतं तो साष्टी तालुका १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि १५६६-६७ च्या सुमारास तिथली देवळं एकामागून एक पाडली गेली. लोकांनी जमेल तिथं देव उचलले आणि हद्दीपलीकडं नेले. आपल्याकडं कितीतरी घरांचं कुलदैवत असलेला मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आणि ही पलीकडची हद्द तेव्हा कुणाची, तर विजापूरच्या आदिलशहाची! म्हणजे आपले देव मुसलमान सुलतानाच्या मुलखात सुरक्षित राहिले, हे आपण मंगेशीला जाताना कितीजण आठवतो?

कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला आली आणि गावाचं नाव सोबत घेऊन आली. शिमग्यात वर्षातनं एकदा तिला वाजतगाजत मूळ जागी नेतात, सोबत बारा छत्र्या, गावच्या बारा वांगडांच्या. वांगड म्हणजे मूळ गावकऱ्यांची घराणी. उंच काठीवर सजवलेली मोठाली छत्री, ती पेलायला दणकट माणूस लागतो, आणि तो नाचत नाचत पुढं जातो. पाच-सहा किलोमीटर अंतर आहे पण गर्दी इतकी की आम्ही निम्म्यातच रिक्षा शोधली. गुलाल तर विचारूच नका, आईची पांढरी साडी अर्ध्या तासात लाल.

कुंकळ्ळीत रस्त्याकडेला एका घराच्या पायरीवर आईला टेकवलं. अंगणात पांढरा रंगवलेला क्रूस, त्यावर झेंडूची माळ. आतनं आजी आल्या, न विचारता पाण्याचा तांब्या दिला आणि एक छत्री वळणावर दिसली तशा एकदम बोट दाखवून म्हणाल्या, "ती आमच्या वांगडाची." मी दोनदा विचारलं, कारण मला वाटलं माझं कोंकणी कच्चं आहे. पण नाही, बरोबरच ऐकलं होतं. धर्म बदलला, वांगड तेच राहिलं. मिरवणुकीत किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, गावकरीसुद्धा असतात, पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून.

मी त्या क्रूसाकडं बघत बसले. इन्क्विझिशन, म्हणजे कोण ख्रिस्ती धर्म नीट पाळत नाही ते शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, गोव्यात १५६० ला आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं, आणि त्याचा मोठा जाच या बाटलेल्या लोकांनाच झाला हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा १७३६ चा हुकूम वाचलाय मी, त्यात दारात तुळस लावायची नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, धोतर नेसायचं नाही इथपर्यंत लिहिलंय. भातात मीठ घातलं की नाही हे दुसरा कुणी येऊन तपासणार, विचार करून बघा.

याच गावात २५ जुलै १५८३ ला पाच जेझुइट (कॅथलिकांमधला एक संघ) पाद्री मारले गेले. त्यातला रोदोल्फो आक्वाव्हिवा हा त्याच वर्षीपर्यंत फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होता, तिथं मौलवी, पंडित, जैन साधू सगळ्यांसोबत धर्मावर वाद चालायचे, शब्दाला शब्द. तिथनं तो इथं आला, जिथं देवळं पाडून झाली होती आणि लोक धुमसत होते, आणि त्याचा जीव गेला. तो मारला गेला याचं मला वाईटच वाटतं. मग पोर्तुगीजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि पंधरांना मारून टाकलं, एकटा नदीत उडी टाकून वाचला. त्यांचं स्मारक आता कुंकळ्ळीत आहे, आम्ही तिथं जाऊन हात जोडून आलो.

हे सगळं लिहितेय कारण हा इतिहास आजकाल फोनवर फिरतो तो नेहमी कुणालातरी बडवायला. २०१७ मध्ये दक्षिण गोव्यातच किती क्रूस फोडले गेले, कुडचड्याच्या दफनभूमीतल्या कबरीसुद्धा सोडल्या नाहीत. पोर्तुगीजांचा राग तुम्ही त्या आजींच्या अंगणातल्या क्रूसावर काढणार? ज्यांच्या पणज्याच्या पणजीवर भातात मीठ घालायची सक्ती झाली त्यांच्यावर? मला हे कुणी समजावूच शकत नाही. देवळं पाडली हे लपवायचं नाही, शाळेत नीट शिकवायचं, पण छत्रीमागनं चालणाऱ्यांत कोण कोण आहे तेही सांगायचं.

निघताना आईनं फातर्प्याच्या प्रसादातला नारळ आजींना दिला. त्यांनी तो कपाळाला लावून आत नेला आणि आईला सांगितलं की ईस्टरनंतर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (जत्रेला) ये, ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, हिंदू बायका तिथं तेल वाहायला रांग लावतात. आईनं तिथंच वर्ष ठरवून टाकलं, तेलाची बाटली घरनंच नेणार म्हणते.