तुम्ही विचारलंत म्हणून: चांगला मुख्याधिकारी ओळखायचा कसा?

नगरपालिकेत नवीन मुख्याधिकारी रुजू झाले की हा प्रश्न हमखास येतो. ‘साहेब चांगले आहेत म्हणतात, पण आम्ही ते कशावरून ओळखायचं?’ बहुतेक जण चौकातलं सुशोभीकरण, नवा बगिचा आणि अतिक्रमणावर फिरलेला जेसीबी बघून मत बनवतात. माझं ऐकाल तर पाणी सुटण्याच्या दिवशी वस्तीतल्या शेवटच्या घरी जा आणि हंडा भरायला किती वेळ लागतो ते बघा.

आधी हा माणूस येतो कुठून ते सांगते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून मुख्याधिकारी गट अ किंवा गट ब म्हणून निवड होते. मग प्रशिक्षण आणि नेमणूक. सुरुवात बहुधा एखाद्या नगरपंचायतीत किंवा क वर्ग नगरपरिषदेत, म्हणजे 40 हजारांपर्यंतच्या गावात. पुढे ब वर्ग, मग लाखावर लोकसंख्येची अ वर्ग नगरपरिषद, आणि नंतर महापालिकेत उपायुक्त किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपरिषद प्रशासनाचं काम. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका जागी साधारण 3 वर्षं मिळतात, पुष्कळदा त्याआधीच बदली येते. पहिले चार-सहा महिने गाव कळण्यात जातात, शेवटचे काही महिने बदलीच्या चर्चेत. हाती उरतात जेमतेम दोन वर्षं. त्या दोन वर्षांत काय हाती घेतलं, यावर सगळं ठरतं.

पाण्याकडे परत येऊ, कारण खरी परीक्षा तिथेच असते. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर आणि नसलेल्याला 70 लिटर असा निकष आहे. म्हणजे भुयारी गटार नसलेल्या 40 हजार वस्तीच्या गावाला रोज 28 लाख लिटर पुरायला हवं. कितीतरी गावांत जलशुद्धीकरण केंद्रातून यापेक्षा जास्त पाणी बाहेर पडतं, टाक्याही भरतात, तरी शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार. मग नव्या योजनेचा प्रस्ताव तयार होतो. दोष मात्र बऱ्याचदा व्हॉल्व्हमध्ये असतो. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, किती आटे खोलायचा, कुठला पूर्ण बसत नाही म्हणून एका भागाचं पाणी दुसऱ्या भागात पळतं, हे सगळं एका जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की गावाची अर्धी पाणीव्यवस्था त्याच्याबरोबर घरी जाते. त्यात डांबरीकरणात व्हॉल्व्हचे चेंबर गाडले गेलेले. चांगला मुख्याधिकारी पाणीपुरवठा अभियंत्याला आणि त्या व्हॉल्व्हमनला बरोबर घेऊन पहाटे गावभर फिरतो. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर देतो, नळीचा व्यास, आटे आणि दिशा नोंदवून घेतो, गाडलेले चेंबर रस्त्याच्या पातळीला आणतो. खर्च फार नाही, पण दोन महिने चिकाटी लागते.

दुसरं गटारातून गेलेल्या नळजोडण्यांचं. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा लोखंडी पाइप उघड्या गटारातून नेलेला असतो. तो पाच-सात वर्षांत गंजतो, बारीक भोकं पडतात. पाणी चालू असताना भोकातून गळती होते आणि ती कुणाला दिसत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा. पुढच्या वेळी कुणी नळाला थेट मोटार लावली की तीच भोकं गटाराचं पाणी आत ओढतात. पावसाळ्यात एकाच गल्लीत काविळीचे किंवा जुलाबाचे रुग्ण निघाले तर आधी तिथल्या जोडण्या तपासाव्यात. टाकीत क्लोरीन घातलं एवढ्यावर थांबून चालत नाही. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे 2 लाख लिटरच्या टाकीला 1 किलो, आणि त्यानंतर अर्धा तास थांबणं हा नेहमीचा हिशोब. पण तो 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. तोंड उघडं राहिलेल्या, ओल धरलेल्या पोत्यातली पावडर कमजोर होते आणि त्याच 1 किलोने काम होत नाही. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून उरलेलं क्लोरीन रंगावरून बघायची चाचणी, टाकीवर न करता शेवटच्या नळावर करायची. तिथे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. तेवढा पिवळा रंग आला नाही तर वाहिनीत कुठेतरी घाण शिरते आहे किंवा पावडरीची ताकद गेलेली आहे.

वाहिनी कधी रिकामी होऊच दिली नाही तर हा प्रश्न मुळातच मिटतो. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवून 24 तास पाणी देऊन दाखवलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. पगाराचा मोठा भार शासनाच्या सहायक अनुदानावर असतो, पण पंपांचं वीजबिल आणि दुरुस्ती मालमत्ता कर आणि पाणीपट्टीतून भागवावी लागते. दर 4 वर्षांनी करायची फेरआकारणी निवडणुकीच्या भीतीने पुढे ढकलली जाते आणि मग एकदम वाढ आली की मोर्चा निघतो. जो वेळेवर फेरआकारणी करतो, हरकतींची सुनावणी नीट घेतो आणि बिलं एप्रिल-मेमध्येच घरोघर पोचवतो, त्याला मार्चमध्ये जप्तीच्या नोटिसा काढत बसावं लागत नाही.

नवा रस्ता दोन महिन्यांत उखडला की लोक चिडतात, आणि ते बरोबरच आहे. कारण साधं असतं. रस्त्याचा निधी एका योजनेचा, जलवाहिनीचा दुसऱ्या योजनेचा. ज्याची मुदत आधी संपते तो आधी खर्च होतो. पाइप, गटार आणि मग रस्ता हा क्रम पाळण्यासाठी मुख्याधिकाऱ्याला नगराध्यक्षांपुढे आणि वरच्या कार्यालयापुढे ठाम उभं राहावं लागतं. कायद्याबाहेरचा ठराव झाला तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात, आणि तसा अहवाल वेळेवर पाठवायला धैर्य लागतं. निवडणुका लांबल्या त्या काळात कित्येक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होता. ठराव करणारा तोच, अमलात आणणारा तोच. अडवणारं कुणी नसताना कागद कसे ठेवले, हे त्या वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालात वाचायला मिळतं. जरूर वाचा.

उदाहरण मागता, तर वेंगुर्ल्याचं देते. जेमतेम बारा हजारांचं गाव. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथला कचरा डेपो लोक मुद्दाम बघायला येतील अशी जागा झाला. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात गेलं. पण हे सगळं उभं होतं घराच्या दारात होणाऱ्या वर्गीकरणावर. ओला-सुका एकत्र आला की पुढचं कुठलंच यंत्र नीट चालत नाही. भिजलेलं प्लास्टिक विकलं जात नाही आणि खतात काच निघते. पुढे कर्जतलाही त्यांनी हाच आग्रह धरला.

आणि बदलीच्या दिवशी एक गोष्ट बघा. पदभाराच्या कागदांत सह्यांचे नमुने, चेकबुक आणि गाडीची चावी असतेच. त्यांच्याबरोबर व्हॉल्व्हचा नकाशा, गटारातून बाहेर काढलेल्या जोडण्यांची यादी आणि अजून राहिलेल्या गल्ल्यांची यादी ठेवली आहे का, ते विचारा. नव्या साहेबांना दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सोडायचं असतं.