पगार सोडून दलालीवर: कोकणातलं वेळापत्रक

नोकरी सोडून जमिनीच्या व्यवहारात किंवा विम्याच्या एजन्सीत उतरणारे आधी टक्क्यांचा हिशोब करतात. टक्के सगळ्यांना पाठ असतात. पैसा हातात कधी पडणार ते मात्र कुणी लिहून काढत नाही, आणि माणूस अडतो तो तिथेच.

जमिनीचं घ्या. समजा गुहागर तालुक्यात 20 गुंठे, गुंठा दीड लाखाने. व्यवहार 30 लाखांचा, दोन टक्क्यांनी दलाली 60 हजार. पण जागा दाखवणारा गावातला एक, गिऱ्हाईक आणणारा मुंबईचा एक आणि तिसरे तुम्ही. म्हणजे तुमच्या वाट्याला 20 हजार, त्यातून पेट्रोल वजा. तेही व्यवहार पुरा झाला तर! आपल्याकडच्या सातबाऱ्यावर आठ-दहा नावं असणं नवं नाही. त्यातले दोघे वारलेले, वारस नोंद झालेली नाही, बहिणींचं हक्कसोडपत्र नाही, ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव. बोरिवलीच्या भावाला सही मागितली की ‘मे महिन्यात गावी आलो की बघू’. मे आंब्यात जातो, मग ‘गणपतीला बसू’. सगळे हिस्सेदार एका जागी सापडायचे मुहूर्त वर्षात हे दोनच. मधल्या काळात गिऱ्हाईकाचं मन बदलतं.

म्हणून जागा दाखवायला गाडी काढण्याआधी कागद काढा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. सोबत आठ अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सातबाऱ्यावर नंबर असलेले सगळे फेरफार, म्हणजे मालकी-हक्क बदलाच्या नोंदी. जागा शेतीची असेल तर गिऱ्हाईक शेतकरी आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. नसेल तर कुळ कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय खरेदी होत नाही. समुद्र दिसणारी जागा असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंध पट्ट्याची, रेषा तपासा. पुष्कळ व्यवहार तिथेच फुटतात. बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट, प्लॉट विकायचे असतील तर आधी महारेराकडे (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाकडे) एजंट म्हणून नोंदणी हवी.

विम्यात पैसा लवकर दिसतो. दहावी पास असलात की प्रशिक्षण, मग आयसी-38 ही विमा एजंटाची परीक्षा: 50 प्रश्न, एक तास. खरी परीक्षा नातेवाईक आणि वर्गमित्र संपल्यावर सुरू होते. पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं असलं तरी एजंटाचं घर चालतं ते पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवरच्या कमिशनवर, आणि हप्ता भरला गेला नाही की तेही बंद. इथे हप्त्याचा महिना फार महत्त्वाचा. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. हर्णैच्या खलाशाला जानेवारीत सहामाही पॉलिसी दिलीत की दुसरा हप्ता नेमका जुलैत येतो, होडी किनाऱ्याला ओढलेली असताना. तीच पॉलिसी नोव्हेंबरात सुरू केली तर हप्ते नोव्हेंबर आणि मे. वार्षिक हप्ता घेणाऱ्या आंबा बागायतदाराला मे-जून सोयीचा. आणखी एक: 30 दिवसांच्या फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी वाचून नको वाटली तर परत करायच्या मुदतीत, ग्राहकाने पॉलिसी परत केली की आलेलं कमिशनही परत जातं. तेवढे दिवस ते खर्चात धरू नये.

राजीनाम्याची तारीख माझ्या मते सप्टेंबरअखेरची असावी. गणपती झालेले असतात, पाऊस ओसरतो, गवत कापल्यावर हद्दीचे दगड दिसतात आणि पुढे मेपर्यंत आठ महिने काम मिळतं. पहिली मोठी दलाली मेमध्येच येईल असं धरून आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. सहा महिन्यांचा साठा मार्चमध्ये संपतो, आणि पैशाच्या अडचणीत आलेला दलाल टक्का सोडून बसतो.

त्याआधी नोकरीची बाजू बघा. पाच वर्षं पुरी व्हायला थोडे महिने उरले असतील तर थांबा: मूळ पगार 18 हजार धरला तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 52 हजार होते. पीएफच्या पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. कमी असेल तर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट (झालेली सेवा पुढच्या नोकरीत जोडता येणारा दाखला) घ्या. गृहकर्ज घ्यायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असताना घ्या, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. कंपनीचा मेडिक्लेम संपायच्या आत स्वतःचा सुरू करा.

करात एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. छोट्या व्यावसायिकांची अंदाजित नफ्याची सोपी योजना कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. पेट्रोल, फोन, झेरॉक्स, सगळ्या पावत्या ठेवून खरा हिशोब लिहावा लागतो. कर लागत नसला तरी रिटर्न भराच, कमिशनमधून आधीच कापलेला कर (टीडीएस) त्याशिवाय परत मिळत नाही.

दलालीचं तोंडी ठरवू नका. किती टक्के, कोण देणार, कधी देणार, एवढं एका कागदावर दोघांच्या सहीने असू द्या. निम्मी साठेकराराला (खरेदीआधीच्या कराराला), निम्मी खरेदीखताला. ही दुसरी निम्मी दलाली, मंडळी दुय्यम निबंधकाच्या आवारात चहा पीत असतानाच घ्यावी. गिऱ्हाईकाची गाडी पनवेलच्या पुढे गेली की फोन उचलला जात नाही.