अडतीसचं हँडल

२०२४च्या जानेवारीत, चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिताना माझ्या हातातला खडू सुटला. उचलला, दोन आकडे लिहिले, परत सुटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही झोपी गेली होती. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी लिहू?" तिने लिहिलं, मी सांगत गेले.

आदला दिवस रविवार होता. गोव्यातल्या साखळीहून निघून पाळी, वेळगे करत मी सायकलने मयेच्या तळ्यापर्यंत गेले होते, आणि त्यातला निम्मा रस्ता खाणींचा, मातीचा. दिवाळीत ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी, खाली वळलेल्या हँडलची सायकल घेतल्यापासून प्रत्येक रविवारनंतर बोटांना मुंग्या यायच्या आणि संध्याकाळपर्यंत जायच्या. त्या सोमवारी त्या गेल्याच नाहीत.

डॉक्टरांनी आधी विचारलं, नेमकी कुठली बोटं? हा प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल तर ती अल्नर नस. ती मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळहातात शिरते, आणि सायकलवर आपण नेमके त्याच गादीवर रेलून बसतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दुसरी नस, मीडियन, आणि तेव्हा मनगट मागे किती मोडतंय ते बघायचं. माझी अल्नर होती. तीन आठवडे सायकल बंद आणि रात्री झोपताना मनगट दुमडून घ्यायचं नाही, एवढंच औषध. त्या तीन आठवड्यांत मी हँडलांबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

पण हँडलला हात लावण्याआधी म्हापशाच्या सायकल मिस्त्रींनी मला अडवलं ते बरं झालं. मी नवीन हँडलचं बोलायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "बाय, पयलीं सीट पळय." म्हणजे आधी सीट बघ. त्यांनी सीटवर गवंड्याची पाणसळ ठेवली. सीटचं नाक चांगलं खाली झुकलेलं होतं. मीच ते तसं केलं होतं, कारण तसं बसायला मऊ वाटायचं. नाक खाली गेलं की अंग पुढे घसरत राहतं आणि ते घसरणं हात थोपवतात, दोन-तीन तास, न थांबता. सीट सपाट केली, अर्धा सेंटिमीटर मागे सरकवली. मुंग्या निम्म्याने कमी झाल्या, आणि यात एक रुपयाही गेला नाही. ज्यांचे हात बधिर होतात त्यांनी इथूनच सुरुवात करावी. मी जेलचे हातमोजे आणि हँडलवर गुंडाळायची जाड टेप यांवर आधीच दीड हजार घालवले होते.

आमच्याकडे सकाळी सहाला पोदेर, म्हणजे पाववाला येतो. रबरी भोंगा वाजवत, मागे पाव आणि उंड्यांची भली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. त्याच्या सायकलचं हँडल मागे, त्याच्याच अंगाकडे वळलेलं आहे. पाठ ताठ, सगळा भार सीटवर, हात नुसते दिशा दाखवायला. मी त्याला विचारलं, एवढं फिरतोस, हात दुखत नाहीत? "हात कित्याक दुखतले?" कशाला दुखतील, असं तो म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. ते उत्तर ऐकून मला माझा प्रश्न नीट मांडता आला. टेप किती जाड हवी यापेक्षा, माझ्या हातांवर मुळात किती भार येतोय आणि तो कुठल्या कोनात येतोय, हे आधी बघायला हवं होतं.

माझ्या सायकलला कंपनीकडून आलेलं हँडल ४४ सेंटिमीटरचं होतं. सायकल सगळ्यात लहान मापाची, माझी उंची पाच फूट एक इंच, आणि हँडल ४४. ग्रॅव्हलला रुंद हँडल चांगलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. हात रुंद पकडले की पुढचं चाक दगडावर आपटून वळायला बघतं तेव्हा त्याला आवरायला जास्त जोर मिळतो. पण ती रुंदी कुणाच्या खांद्याला मोजून ठरवलेली असते? फोंड्याला ताईकडे गेले तेव्हा तिला शिवणाची टेप घेऊन माझे खांदे मोजायला सांगितले. खांद्याच्या वर टोकाला जे हाड बोटाला लागतं, तिथपासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत. ३७ भरले. मग भिंतीसमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि भिंत ढकलायला हात टेकवले, जसे आपोआप टेकतील तसे. तळहातांच्या मध्यांमधलं अंतर ताईने मोजलं तर ३८. मी सायकलवर बसते तेव्हा हात त्याहून सहा सेंटिमीटर फाकलेले असायचे. कोपरं बाहेर, मनगट बाहेरच्या बाजूला मोडलेलं, आणि भार थेट करंगळीच्या मुळाशी.

२०२५च्या जूनमध्ये यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रोड रेससाठी हँडलची किमान रुंदी बाहेरून बाहेर ४०० मिलिमीटर ठरवली, तेव्हा कित्येक महिला रेसरनी हरकत घेतली की लहान खांद्यांच्या बायकांनी काय करायचं. ब्रेकच्या मुठींमधल्या अंतराची अट त्यानंतर सैल झाली. त्या बातम्या वाचताना मला ताईची शिवणाची टेप आठवत होती. मी रेस करत नाही, पण दुकानात गेलं की बायकांसाठी वेगळं माप मागावं लागतं आणि समोरचा ते मापच नाही असं सांगतो, हा अनुभव माझाही आहे.

पहिलं नवीन हँडल मी मार्चमध्ये ऑनलाइन मागवलं आणि चुकले. अरुंद मापात ते मिळत नव्हतं, म्हणून ४२ घेतलं, कारण त्याला २४ अंशांचा फ्लेअर होता आणि वाचलेल्या प्रत्येक लेखात फ्लेअरचं कौतुक होतं. फ्लेअर म्हणजे हँडलची खालची वळणं सरळ खाली न उतरता बाहेरच्या बाजूला किती फाकतात तो कोन. वर हात जवळ, खाली हात लांब, म्हणजे सपाटीवर आराम आणि उतारावर पकड, असा त्याचा फायदा सांगतात. फायदा खरा आहे, पण मी गणित केलं नव्हतं. हँडल आल्यावर कंपासपेटी काढून बसले. वरच्या पकडीपासून खालच्या टोकापर्यंतची उंची ११५ मिलिमीटर. २४ अंशांनी ती दर बाजूला साधारण ५१ मिलिमीटर बाहेर जाते, दोन्ही बाजूंनी मिळून दहा सेंटिमीटर. म्हणजे वर ४२ आणि खाली ५२. सदतीसच्या खांद्यांना बावन्नची पकड! शिवाय फ्लेअर जास्त असला की ब्रेकचे लिव्हरही तिरके बसतात, त्यांचे रबरी माथे आत झुकतात. काहींना तो कोन आवडतो. माझी मनगटं त्याने आणखी पिळली.

मापाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हँडलवर ४२ लिहिलं म्हणजे ४२ कुठे, ते आधी विचारा. काही कंपन्या वर, ब्रेकच्या मुठीपाशी, नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. काही बाहेरून बाहेर मोजतात. काही अगदी खालच्या टोकांशी मोजतात. फ्लेअर असलेल्या हँडलात या तीन मापांत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. मी आता चित्र आणि मापांचा तक्ता दोन्ही बघितल्याशिवाय काही मागवत नाही.

ते हँडल मी दोन महिने वापरलं, आणि वाया गेलं असं म्हणणार नाही, कारण त्या दोन महिन्यांत मला माझे रस्ते कळले. ग्रॅव्हल म्हटलं की जे फोटो दिसतात ते बहुतेक अमेरिकेतल्या कॅन्ससचे, एम्पोरियाच्या आजूबाजूचे. तिथे २००६पासून दोनशे मैलांची रेस होते. मोकळे, सरळ, कुठच्या कुठे जाणारे रस्ते. आमचे तसे नाहीत. खाणीच्या रस्त्यावर जांभ्याचे हरभऱ्याएवढे गोल खडे असतात, घट्ट लाल मातीवर सांडलेले, आणि चाक त्यांच्यावरून घसरतं तेव्हा आवाजसुद्धा येत नाही. २०१२मध्ये खाणी थांबल्यावर यातले काही रस्ते गवतात गेले, आणि ट्रकांनी पाडलेल्या आडव्या वळ्या मात्र तशाच राहिल्या. पत्र्याच्या छपरावरून चालवावं तसे हात थरथरतात. नार्वेहून फेरीने दिवाडीला उतरलं की सगळंच बदलतं. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या बांधावर दोन्हीकडे पाणी, वाट दीड हात रुंद, कडेला मानशीचे, म्हणजे पाणी सोडायच्या दारांचे दगड. इथे वेग नसतोच. इथे रुंद हँडल झुडपांत अडकतं, आणि तोल सांभाळायला हात शरीराजवळच हवेत.

चोर्ला घाट मी डांबरी रस्त्यानेच उतरते, केरीच्या बाजूला. एका वळणावर अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसतं आणि लगेच पुढचं वळण येतं. तिथे पहिल्यांदा मी हात खालच्या वळणात टाकले. वरून ब्रेक दाबताना बोटं लिव्हरच्या बिजागरीजवळ असतात, जोर कमी लागू होतो. खालून दाबलं की बोटं लिव्हरच्या टोकाकडे जातात आणि दोन बोटांत सायकल थांबते. खड्डा आला तर हात निसटतही नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इतके दिवस मुठी आवळून घाट उतरले नसते. माझे हात लहान आहेत, बोटं लिव्हरपर्यंत पोचायची नाहीत. मिस्त्रींनी लिव्हरवरचा बारीक स्क्रू फिरवून तो जवळ आणून दिला. बहुतेक लिव्हरना तो स्क्रू असतो.

म्हणून दुसऱ्या वेळी, ऑक्टोबरात, मला काय हवं ते मी वहीत लिहून काढलं आणि मगच शोधलं. वर ३८, मध्यापासून मध्यापर्यंत. फ्लेअर १२ अंश, म्हणजे खाली साधारण ४३. घाटाला पुरेसं, बांधावर अडकणार नाही एवढं. खालचं वळण उथळ, म्हणजे तिथे हात टाकायला कंबर मोडावी लागत नाही. पुढे जाणारा भाग, ज्याला रीच म्हणतात, ७० मिलिमीटर; जुन्याचा ८० होता. कार्बनचं घेतलं नाही. कार्बन थरथर थोडी गिळतं हे खरं, पण माझ्या रस्त्यांवर सायकल आडवी पडते, आणि कार्बनला आतून तडा गेला तर तो मला दिसणार नाही. अॅल्युमिनियमचं साडेतीन हजारांत आलं. मधला जाड भाग ३१.८ मिलिमीटर, हल्लीच्या स्टेममध्ये, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणाऱ्या तुकड्यात बसणारा. माझे ब्रेक तारेचे आहेत, त्यामुळे बदलाबदल एका दुपारीत झाली. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असतील तर नळ्यांची लांबी पुरते का ते आधी बघावं लागतं. आणि एक गोष्ट मी धरलीच नव्हती: हँडल अरुंद झालं की हात सरळ पुढे जातात आणि सगळंच थोडं जवळ येतं. आधी स्टेम ७०चा करून घेतला होता, तो परत ८०चा केला.

आमच्या शाळेतले सर मला बघून सायकल घ्यायला निघाले आहेत. ते म्हणतात, सरळ दांड्याचं हँडल का नको? ताबा चांगला असतो. असतो, आणि ते फक्त खाणरस्तेच करणार असतील तर मी त्यांना तेच घ्या म्हणेन. पण सरळ दांड्यावर हात ठेवायला एकच जागा. तीन तासांत मी पाच-सहा वेळा हात बदलते: वर, मुठीवर, खाली, परत वर. दर बदलाला नसेला विसावा मिळतो. शिवाय आज सरळ घेऊन उद्या वाकडं बसवू, असं होत नाही. सरळ हँडलची नळी जिथे ब्रेक बसतो तिथे २२.२ मिलिमीटर असते, वाकड्याची २३.८. एकाचे लिव्हर दुसऱ्यावर चढत नाहीत, आणि चढवले तरी तार ओढण्याचं माप वेगळं पडतं. आधी ठरवूनच घ्यावं.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक कळकळीची विनंती. टेप वर्षातून एकदा तरी पूर्ण सोडा. आपल्याकडे दमट हवा, समुद्राचं मीठ आणि घाम, तिन्ही टेपखाली साचतात. गेल्या मे महिन्यात मी माझी सोडली तर ब्रेकच्या पट्टीखाली अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे. अजून खोल नव्हते. पुसून, वाळवून, नवीन टेप गुंडाळली. ते तसंच तीन पावसाळे राहिलं असतं तर हँडल तिथूनच मोडतं, आणि ते घाटात मोडतं. स्टेमच्या स्क्रूंनाही ग्रीस लावा, आणि किती जोराने आवळायचं तो स्टेमवर लिहिलेला आकडा बघा. माझ्यावर ५ न्यूटनमीटर आहे.

सरांचे खांदेही ताईच्या त्याच टेपने मोजले. ४३ भरले. माझं पहिलं, कंपनीकडून आलेलं ४४चं हँडल माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते मी काल शाळेत नेऊन त्यांना दिलं.