मोहाला नंबर टाकायच्या आधी

रस्ता जेमतेम दीड किलोमीटरचा. एक पाडा डांबरी सडकेला जोडायचा, पैसे जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतले. एवढ्याशा रस्त्याला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यामुळे ऑफिसात सगळे म्हणत होते, सरळ काम आहे. मधली चौदाशे मीटर जमीन मात्र वनखात्याची होती.

तिथेही वाट होती. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). गावाच्या सोयीसाठी सरकार रस्ता, शाळा, अंगणवाडी असं काही करत असेल तर केंद्राच्या मंजुरीपर्यंत जावं लागत नाही, उपवनसंरक्षकांच्या पातळीवर परवानगी होते. पण जमीन एक हेक्टरच्या आत हवी, झाडं हेक्टरी ७५ च्या वर तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

शाखा अभियंता म्हणून प्रस्ताव मीच तयार केला होता. रुंदी सहा मीटर, क्षेत्र ०.८४ हेक्टर, झाडं ४८. हा झाडांचा आकडा मी एका दुपारी वरवर बघून लिहिला होता. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

संयुक्त पाहणी मार्चमध्ये झाली. वनपाल, वनरक्षक, वनहक्क समितीचे दोघे आणि मी. वनरक्षक छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर सांगायचा, समितीतला एक मुलगा लाल रंगाने खोडावर आकडा घालायचा. साग, ऐन, साग, धावडा. आम्ही अर्ध्या वाटेवरही नव्हतो आणि आकडा ४० च्या पुढे गेला होता. शेवटी ७१ भरले. ०.८४ हेक्टरला ६३ च चालतात.

वनपालांनी मग अंदाजपत्रकातला नकाशा मागितला. त्यात बाजूपट्ट्या आणि गटार धरून रुंदी साडेसात मीटर होती. म्हणजे १.०५ हेक्टर. प्रस्तावात एक, नकाशात दुसरंच. ते काही बोलले नाहीत, कागद माझ्या हातात परत दिला.

मी बाजूला जाऊन वरिष्ठांना फोन लावला. उत्तर तयारच होतं : "दोन तुकडे कर, दोन प्रस्ताव टाक." असं झालेलं मी पाहिलं आहे. कागदावर ते बसतंही. पण एकाच रस्त्याचे दोन तुकडे केले तर त्या एक हेक्टरला अर्थच काय राहतो? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

परत आलो तर एक आजी मोहाखाली उभी होती. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली, तिच्यावर पिवळट पांढरी फुलं पडलेली, आजीच्या टोपलीत अर्ध्यापर्यंत वेचलेली. खोडावर ओला लाल आकडा : ५२.

"साहेब, हा आमचा मोह. नंबर टाकायच्या आधी विचारायचं तरी."

मी म्हटलं, "आजी, रस्ता तुमच्याच पाड्याला येतोय."

"रस्ता पाहिजेच. माझ्या सुनेला झोळीतून नेली होती, पावसात. पण जुनी गाडीवाट खालून जाते. तिथून का नाही नेत?"

गाडीवाट माझ्या नकाशात नव्हतीच. आम्ही आजीच्या मागून खाली उतरलो. खरोखरच मोकळी पट्टी होती, चाकांनी खोल गेलेली, कडेला तेवढी झाडं. पुन्हा टेप धरला, पुन्हा मोजणी. लांबी ६० मीटरने वाढली. गटार एकाच बाजूला घेऊन रुंदी सहा मीटरमध्ये बसवली : ०.८७६ हेक्टर, झाडं ५७, त्यात मोह एकही नाही. संध्याकाळी पाचला वनपालांनी पंचनाम्यावर सही केली.

वरिष्ठ चिडले. अंदाजपत्रक नव्याने करायचं म्हणजे पुन्हा तांत्रिक मान्यता, निधी त्या वर्षी खर्च होणार नाही. तो झालाही नाही.

पुढच्या ग्रामसभेत गणपूर्ती झाली नाही. निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. कोणी म्हणालं, घरोघर फिरून सह्या घेऊ. ग्रामसेवकांनी ऐकलं नाही, सभा आठ दिवस पुढे ढकलली. त्या दिवशी बाया मोहाचा वेच आटपून दहाच्या सुमारास आल्या. पुढच्या ओळीत आजी होती. ठराव वाचून झाल्यावर तिने विचारलं, "५७ च ना?" मी यादी काढून एकेक झाड वाचून दाखवलं.